खेळाचे द्वार
(मंडळाच्या वार्षिक क्रीडासमारंभात केलेले भाषण)



खेळ भरविणाऱ्या संस्थेचे खरे कर्तव्य कोणते, हा विचार एका मोठ्या संस्थेच्या इतिहासाच्या आधारे मी आपणांपुढे मांडणार आहे.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा जपानला निमंत्रण नव्हते. त्याच प्रसंगी तेथे जमलेल्या आशियाई प्रतिनिधींपुढे, लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजचे प्राचार्यपद भूषविलेले गुरुदत्त सोंधी यांनी आशिया खंडाच्या स्वतंत्र क्रीडामहोत्सवाची कल्पना मांडली. फेब्रुवारी १९४९ मध्ये दिल्लीस एशियन गेम्स फेडरेशन स्थापन झाले आणि मार्च १९५१ मध्ये तेथेच पहिले सामने झाले. अकरा राष्ट्रांचे ४८९ खेळाडू आले. लंडनने ज्याला दार लावले, त्या जपानचे दिल्लीने स्वागत केले. जपानने सर्वांत अधिक पदके जिंकली व यजमान भारत दुसरा ठरला. परंतु त्यात यजमानाला उणेपणा नव्हता, भूषणच होते.

पुढे १९६२ साली जाकार्ता येथे यजमान सरकारने इस्रायल व तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला. सोंधींनी उघड विरोध केला, तेव्हा जमावाने तेथील भारतीय वकिलातीवर हल्ला चढविला आणि सोंधींना तो देश सोडावा लागला. संस्था स्थापन करणे सोपे. तिचे द्वार उघडे ठेवणे कठीण, हाच याचा बोध होय.

बंधूंनो, आता आपल्या घराकडे वळू. आज सकाळी शंभर मीटरची शर्यत चालू असता मैदानाच्या दोरीबाहेर शेजारच्या वस्तीतील काही मुले उभी होती. त्यांतील एक मुलगा दोरीपलीकडून आपल्या मुलांबरोबर अनवाणी शेवटपर्यंत धावला. तो कितवा आला, हे मी पाहिले. आपल्या वहीत मात्र त्याची नोंद होणार नाही. ज्ञातीतील मुलांना उत्तेजन मिळावे, हा आपला हेतू योग्यच आहे. परंतु जो पलीकडच्यापुढे धावलाच नाही, त्याला आपला वेग कसा कळावा? मुंबईचे धर्मवार पंचरंगी सामने १९४६ साली कायमचे थांबले. त्यामुळे क्रिकेट काही थांबले नाही.

म्हणून पुढील वर्षी निदान एक शर्यत सर्वांना खुली असावी, अशी माझी नम्र सूचना आहे. ढाल आपल्या ज्ञातीबाहेर गेली, तरी मंडळाची प्रतिष्ठा वाढेलच.