थंड इंजिन आणि चालकाची पाच मिनिटे
(अवजड वाहनांच्या देखभालीविषयीच्या भाषणाचा मजकूर)

माघ महिन्यातील पहाट. निफाडकडे पारा कधी कधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. अशा वेळी भरलेली मालमोटार किंवा पाण्याचा टँकर निघावयाचा असतो. चालक इंजिन सुरू करून थांबतो. "अजून उभा का?" असा प्रश्न त्याला हटकून विचारला जातो. चालकाचे हे थांबणे आळसाचे की शहाणपणाचे, हे प्रश्न विचारणाऱ्यानेही समजून घेणे अगत्याचे आहे.

रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये जर्मनीत यशस्वी करून दाखविलेल्या इंजिनात ठिणगी नसते. हवा जोराने दाबली की ती पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. थंड इंजिनाच्या भिंती ही उष्णता शोषून घेतात. त्यामुळे काही डिझेल न जळताच पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. शिवाय रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनातील वंगण तेल खाली उतरलेले व घट्ट झालेले असते. ते सर्व भागांपर्यंत पोहोचण्यापूर्वी वेग वाढविल्यास बेअरिंग व टर्बोचार्जर यांची झीज होते.

म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये व हातब्रेक लावलेली असावी आणि चाकांना ठोकळे द्यावेत. तेल व पाणी तपासूनच इंजिन सुरू करावे. ॲक्सिलरेटर दाबू नये. तेलाच्या दाबाचा काटा काही सेकंदांत वर न आल्यास इंजिन ताबडतोब बंद करावे. सर्व ठीक असल्यास आपल्याकडील हवामानात तीन ते पाच मिनिटे पुरेशी होतात.

याच वेळात आणखी एक महत्त्वाचे काम होते. अवजड वाहनांचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात आणि ही हवा इंजिनावरील कॉम्प्रेसर भरतो. हवेचा दाब पुरेसा होऊन इशाऱ्याचा दिवा व भोंगा बंद झाल्यावाचून गाडी हलवू नये. कसारा किंवा खंबाटकी घाटाच्या उतारावर ब्रेक कमी पडले, तर वाचविलेली पाच मिनिटे काय कामाची?

मात्र अर्धा अर्धा तास इंजिन नुसते चालू ठेवणे हाही दोषच होय. मंद गतीत इंजिन पुरेसे तापत नाही. न जळलेले डिझेल भिंतींवरील तेल धुऊन काढते व वंगणात मिसळते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या वाहनांत धुरातील काजळी अडविणारी जाळी असते. तीही अशाने लवकर तुंबते. गिअरबॉक्स, आस व टायर हे तर गाडी चालल्यावरच तापतात. तेव्हा खालच्या गिअरमध्ये सावकाश निघावे आणि तापमानाचा काटा नेहमीच्या जागी आल्यावरच पूर्ण भार द्यावा.

लडाखसारख्या प्रदेशात कडक थंडीने डिझेलमधील मेण गोठून फिल्टर तुंबतो. तेथे २०१९ मध्ये खास हिवाळी डिझेल उपलब्ध करून देण्यात आले. थंडीचा असा उपाय इंधनातच करावा लागतो. इंजिनाखाली जाळ करणे म्हणजे आगीला आमंत्रण होय.

बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. तेथे विषारी कार्बन मोनॉक्साइड साठतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरविला आहे. म्हणून शाळेच्या दारात किंवा वस्तीत गाडी धुरत ठेवणे टाळावे. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी याकडे लक्ष द्यावे.

टँकर गावाचा असो वा शासनाच्या कामाचा, त्याच्या दुरुस्तीचा खर्च अखेर लोकांच्याच पैशातून होतो. वेळापत्रक आखणाऱ्यांनी ही पाच मिनिटे त्यातच धरावीत. म्हणजे चालकाला वेळ आणि सुरक्षितता यांतून एकाची निवड करावी लागणार नाही, आणि टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला पाणीही खात्रीने मिळेल.