ही खोड नव्हे



सातवीच्या माझ्या वर्गात एक मुलगा सारखा डोळे मिचकावी, मान झटकी, घशातून आवाज काढी. मस्करी समजून मी त्याला दोनदा वर्गाबाहेर उभे केले. घरी अम्मीने नजर काढली, तावीज बांधला. चूक माझी होती. ती आपणासमोर कबूल करतो.

या विकाराला टुरेट सिंड्रोम म्हणतात. १८८५ साली जिल द ला टुरेट या फ्रेंच डॉक्टरांनी नऊ रुग्णांवरून त्याचे वर्णन केले. २०१८ सालच्या ‘हिचकी’ चित्रपटात राणी मुखर्जीने रंगविलेल्या मुंबईच्या शिक्षिकेला हाच विकार आहे. शिंकेप्रमाणे ही उबळ क्षणभर दाबता येते, कायमची नाही. ‘बंद कर!’ म्हणून ओरडलो की ती वाढतेच.

औषधाविना उपाय आहे. १९७३ साली एझ्रिन व नन यांनी तो मांडला. उबळीआधीची खवखव किंवा ताण मुलाने ओळखायचा आणि तिच्या आड येणारी कृती करायची. मान झटकावीशी वाटली तर हनुवटी किंचित खाली घेऊन मान स्थिर धरायची. आवाज येऊ लागला तर नाकाने संथ श्वास घ्यायचा. २०१० साली अमेरिकेत १२६ मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. हे शिकलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले सुधारली. नुसती माहिती व धीर मिळालेल्यांत पाचवा हिस्साही नाही. मात्र हे जाणकाराकडूनच शिकावे, आणि चालू औषध आपल्या मनाने सोडू नये. पुष्कळ मुलांचा त्रास वयात आल्यावर आपोआपही उतरतो.

तो मुलगा आता दाराजवळच्या बाकावर बसतो. उबळ अनावर झाली की न विचारता व्हरांड्यात जातो, दोन मिनिटांनी परत येतो. मी फळ्यावर लिहीत राहतो.