गाढव हांकणारा शिपाई



१९१५ सालच्या मे महिन्याच्या १९ तारखेस तुर्कस्तानांतील गॅलिपोलीच्या डोंगराळ किनाऱ्यावर, एकाच घळीमध्यें, दोन ऑस्ट्रेलियन शिपायांची कीर्ति जन्मास आली. घळीच्या माथ्याशीं असलेल्या एका खंदकांत तुर्क शिरले असतां अल्बर्ट जॅका नांवाच्या, पूर्वी जंगलखात्यांत मजुरी करणाऱ्या, तरुणानें एकट्यानें त्यांच्यावर झडप घालून तो खंदक परत मिळविला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हें पदक मिळालें. पहिल्या महायुद्धांत ऑस्ट्रेलियन सैन्याला मिळालेलें हें पहिलें. त्याच सकाळीं घळीच्या उतारावर दुसरा एक शिपाई मशीनगनची गोळी लागून पडला. त्याच्या हातीं बंदूक नव्हती, गाढवाचें दावें होतें. त्याला पदक मिळालें नाहीं. तथापि मेलबर्न येथें १९३६ सालीं आणि कॅनबेरा येथील युद्धस्मारकापाशीं १९८८ सालीं पुतळे उभारले गेले ते या दुसऱ्याचे. १९६५ सालीं गॅलिपोलीच्या पन्नासाव्या वर्षीं निघालेल्या टपालाच्या तिकिटांवर चित्र आलें तेंहि त्याचेंच.

सैन्याच्या दप्तरांत त्याचें नांव जॉन सिम्प्सन असें होतें. खरें नांव जॉन सिम्प्सन किर्कपॅट्रिक. आणि ऑस्ट्रेलियानें ज्याला आपला आदर्श शिपाई मानलें तो जन्मानें ऑस्ट्रेलियन नव्हताच. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील साउथ शील्ड्स या बंदराच्या गांवीं, ६ जुलै १८९२ रोजीं, एका स्कॉच खलाशाच्या घरीं तो जन्मला. लहानपणीं सुटीच्या दिवसांत तेथील वाळवंटावर मुलांना गाढवावर बसवून फिरविण्याचें काम तो करी. या जनावराशीं त्याची ओळख तेव्हांची. १९०९ सालीं वडील वारले आणि सतरा वर्षांचा हा पोरगा व्यापारी जहाजावर कामास लागला. पुढच्याच वर्षीं ऑस्ट्रेलियांतील न्यूकॅसल बंदरांत जहाज लागलें असतां तो त्यावरून पळाला.

त्यानंतरचीं चार वर्षें त्यानें पडेल तें काम केलें. क्वीन्सलंडमध्यें ऊंस तोडला, गुरें हांकलीं, न्यू साउथ वेल्समध्यें कोळशाच्या खाणींत उतरला, किनाऱ्याच्या आगबोटींवर भट्टींत कोळसा ओढला. मात्र मिळकतींतला वांटा घरीं आईकडे पाठविण्यास तो चुकला नाहीं. आईला लिहिलेलीं त्याचीं पत्रें कॅनबेरा येथें जपून ठेविलेलीं आहेत. त्यांत पैशांची, बहिणीची आणि घरच्या जेवणाची चौकशी फार. इंग्लंडांतील कामकरी वर्ग जागा होऊन धनिकांस हुसकावून कधीं लावील, अशा आशयाचा संतापहि एका पत्रांत आहे. १९६५ सालीं पाद्री आयर्व्हिंग बेन्सन यांनीं त्याचें चरित्र प्रसिद्ध केलें, त्यांत हा संताप गाळला गेला. बंडखोर कामगार त्यांच्या नायकास शोभला नसता.

१९१४ च्या ऑगस्टमध्यें युद्ध पेटतांच तो पर्थ येथें सैन्यांत दाखल झाला. हें केवळ राजनिष्ठेनें केलें असें समजण्याचें कारण नाहीं. सैन्याबरोबर इंग्लंडास फुकट जातां येईल व आईची भेट होईल, हा त्याचा सरळ हिशेब होता. पगारहि वाईट नव्हता. ऑस्ट्रेलियन शिपायास रोज सहा शिलिंग पडत, तर इंग्रज शिपायास एकच. जहाजावरून पळालेला असल्यामुळें किर्कपॅट्रिक हें आडनांव त्यानें टाकलें व आईच्या माहेरचें सिम्प्सन हें तेवढें सांगितलें. तिसऱ्या फील्ड ॲम्ब्युलन्स या वैद्यकीय तुकडींत जखमी उचलणारा म्हणून त्याची नेमणूक झाली. परंतु जहाजें इंग्लंडास न जातां ईजिप्तमध्यें थांबलीं. घर राहिलें दूर. २५ एप्रिल १९१५ च्या पहाटे ऑस्ट्रेलियन सैन्य गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरलें, त्यांत तोहि होता.

तेथील भूमीची कल्पना आल्याशिवाय त्याच्या कामाची कल्पना येणार नाहीं. समुद्राला लागून वाळूची अरुंद पट्टी आणि लगेच उभे, झुडपांनीं भरलेले कडे. त्यांतून एक वांकडी घळ आंत डोंगरांत जाते. सैन्याची आघाडी या घळीच्या वरच्या टोकास, आणि जखमींना न्यावयाचें खालीं किनाऱ्यावर. दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवरून तुर्की नेमबाजांचा मारा, वरून फुटणारे तोफगोळे. म्हणूनच घळीच्या खालच्या भागास सैनिकांनीं श्राप्नेल गली असें नांव दिलें होतें. अशा वाटेनें डोलीवरचा एक जखमी खालीं आणावयाचा तर दोन, कित्येकदां चार माणसें गुंतून पडत.

सैन्याच्या उपयोगासाठीं किनाऱ्यावर उतरविलेलीं कांहीं गाढवें मोकाट भटकत होतीं. त्यांतलें एक सिम्प्सननें धरलें, पायाला गोळी लागलेला एक शिपाई त्यावर बसविला, आणि एकट्यानें त्याला खालीं आणलें. दुसऱ्या दिवसापासून हेंच त्याचें काम झालें. वर जातांना पाणी न्यावयाचें, येतांना जखमी आणावयाचा. वास्तविक सैन्यांत अशी स्वतंत्र वृत्ति चालत नाहीं. त्यानें आपल्या तुकडीबरोबरच असावयास हवें होतें. परंतु काम होतें आहे हें पाहून वरिष्ठांनीं डोळेझांक केली. हें त्या वरिष्ठांचेंहि शहाणपण म्हणावें लागेल.

येथें आपल्या देशाचा संबंध येतो. ऑस्ट्रेलियन सैन्याबरोबर त्या किनाऱ्यावर हिंदी पहाडी तोफखान्याच्या दोन तुकड्या होत्या. त्यांच्या लहान तोफांचे भाग सुटे करून खेचरांवर लादून नेतां येत. त्यांपैकीं २१ वी कोहाट तुकडी. हें कोहाट आतां पाकिस्तानांत आहे. तींत शीख व पंजाबी मुसलमान गोलंदाज असत. सिम्प्सननें आपला मुक्काम या लोकांत हलविला. कारण व्यवहाराचें होतें. खेचरें होतीं तेथें दाणावैरण होती. पण त्याचें स्वतःचें जेवणहि त्यांच्यांतच होऊं लागलें. हे लोक त्याला ‘बहादूर’ म्हणत असें सांगतात. ऑस्ट्रेलियाच्या या नायकाला पहिली पदवी मिळाली ती आपणांस अर्थ सांगावा न लागणाऱ्या शब्दांत.

१८ मेच्या रात्रीनंतर सुमारे बेचाळीस हजार तुर्कांनीं चढाई केली. १९ तारखेच्या दुपारपर्यंत त्यांचे सुमारे तीन हजार लोक मारले गेले होते. प्रेतें इतकीं सांचलीं कीं २४ मे रोजीं त्यांना मूठमाती देण्यासाठीं दोन्ही पक्षांस कांहीं तास लढाई थांबवावी लागली. त्या १९ तारखेच्या सकाळीं सिम्प्सन नेहमीच्या जागीं न्याहारीस थांबला, ती तयार नव्हती, तेव्हां परत येऊन जेवीन असें सांगून तो वर गेला, अशी हकीकत आहे. परततांना त्याला गोळी लागली. वय बावीस. किनाऱ्यावर उतरल्यास चोवीस दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशीं घळीच्या वरच्या टोकाचे अधिकारी कर्नल मोनॅश यांनीं मुद्दाम पत्र लिहून त्याचें व त्याच्या जनावराचें काम वरिष्ठांस कळविलें.

पुढें दंतकथा वाढली. त्यानें तीनशे माणसें वांचविलीं असें छापलें जाऊं लागलें. या आंकड्यास समकालीन कागदाचा आधार नाहीं. दिवसाला इतक्या खेपा आणि चोवीस दिवस, असा गुणाकार करून तो बसविलेला आहे. शिवाय गाढवावर बसूं शकणारा मनुष्य बहुधा हातापायास जखम झालेला. पोटांत गोळी शिरलेल्यास डोलीवांचून गति नव्हती, आणि त्या डोल्या वाहणाऱ्यांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. चित्राचीहि तीच गत. होरेस मूर-जोन्स यांचें गाढव व जखमी शिपाई यांचें विख्यात चित्र सिम्प्सनचें म्हणून घरोघर गेलें. तें ज्या छायाचित्रावरून काढलें त्यांतला मनुष्य न्यूझीलंडचा रिचर्ड हेंडरसन. सिम्प्सन पडल्यावर तेंच काम यानेंहि केलें होतें. पुढें फ्रान्समध्यें तो लढला, पदक मिळविलें, दृष्टि गमावली, आणि १९५८ सालीं वारला.

सिम्प्सनला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस द्यावा अशी मागणी पुनःपुन्हां झाली. २०१३ सालीं ऑस्ट्रेलियन सरकारच्या लवादानें सर्व कागद तपासून ती नाकारली. त्याचें धैर्य त्याच्या तुकडींतील इतर जखमी उचलणाऱ्यांच्या धैर्यासारखेंच होतें, असा त्यांचा निष्कर्ष. कांहीं लोकांना यांत अवमान वाटला. तो वाटण्याचें कारण दिसत नाहीं. रोज सकाळीं त्याच घळींत शिरणाऱ्यांपैकीं तो एक होता, हीच त्याची खरी हकीकत आहे.

किनाऱ्यालगतच्या लहानशा दफनभूमींत त्याची कबर आहे. तिच्यावरील दगडावर त्याचें पुरें नांव, किर्कपॅट्रिक या आडनांवासह, कोरलें आहे; आणि त्याखालीं, सैन्यांत क्रमांक २०२, शिपाई जे. सिम्प्सन या नांवानें त्यानें नोकरी केली, अशी नोंद आहे.