सोंगाड्या : फडावरून पडद्यावर

जुन्नर तालुक्यांत कुकडी नदीच्या कांठीं बोरी बुद्रुक नांवाचें गांव आहे. तेथून जवळच असलेल्या नारायणगांवची ख्याति तमाशाची पंढरी म्हणून आहे. भाऊ-बापू मांग नारायणगांवकर यांचा फड आणि विठाबाईंचें नांव महाराष्ट्रभर गाजलें तें येथूनच. यात्रांचा हंगाम जवळ आला कीं नारायणगांवीं फडांच्या राहुट्या पडतात आणि बोरीसारख्या गांवांतील पंचमंडळी सुपारी ठरविण्यास तेथें जातात. फडाचा लौकिक नाचणारणीच्या पायांवर जितका, तितकाच सोंगाड्याच्या जिभेवर अवलंबून असतो.

हा सोंगाड्या मोठा चमत्कारिक प्राणी आहे. तो राजाला मुजरा करतो आणि दुसऱ्याच क्षणीं भोळेपणाचें सोंग घेऊन राजाच्या अकलेची किंमत करतो. त्याच्या अंगावर फाटकी बंडी असते. पण जें पाटलासमोर बोलण्याची गांवाची छाती नसते, तें तो भर बोर्डावर बोलून जातो. वगाचा सांगाडा ठरलेला असला तरी संवाद त्या त्या रात्रीं, समोरचीं माणसें पाहून रचावयाचे असतात. म्हणजे नट, लेखक आणि दिग्दर्शक हीं तिन्ही कामें तो एकटाच करीत असतो. ही विद्या ज्यानें प्रथम शहरी रंगभूमीवर गाजविली आणि मग रुपेरी पडद्यावर नेली, तो पुरुष म्हणजे दादा कोंडके.

कृष्णा ऊर्फ दादा कोंडके यांचा जन्म ८ ऑगस्ट १९३२ रोजीं मुंबईच्या नायगांवांत, गिरणी कामगारांच्या वस्तींत झाला. कुटुंबाचें मूळ गांव पुणें जिल्ह्यांतील भोर तालुक्यांत होतें. त्यांनीं बँडपथकांत वाद्य वाजविलें, ‘अपना बाजार’मध्यें नोकरी केली आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांत उमेदवारी केली. पुढें त्यांनीं स्वतःची मंडळी उभी केली आणि वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यानें त्यांचें नशीब उघडलें. कोतवालाची जागा रिकामी होते, ती आपणांस मिळेल अशी आशा धरून हवालदार बसतो आणि जागा मात्र प्रधानाच्या मेहुण्याच्या पदरांत पडते, एवढीच कथा. परंतु हवालदार झालेले दादा त्या दिवशींच्या वर्तमानपत्रांतील बातमीही संवादांत अशी गुंफीत कीं, कालचा प्रयोग पाहिलेला प्रेक्षक आज पुन्हां येई. या लोकनाट्याचे दीड हजारांहून अधिक प्रयोग झाले. प्रेक्षकांचें हंसूं कोठें पिकतें आणि कोठें थांबावें लागतें, याचें शिक्षण त्यांना या प्रयोगांनींच दिलें.

भालजी पेंढारकर यांच्या ‘तांबडी माती’ (१९६९) या चित्रपटांतून ते पडद्यावर आले. १९७१ मध्यें त्यांनीं स्वतः निर्मिलेला ‘सोंगाड्या’ निघाला. कथा पुन्हां सबनीसांची आणि दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचें. दादरच्या चित्रगृहांत हा चित्रपट लागण्यास अडचण आली, तेव्हां शिवसेनेनें आवाज उठविला आणि तो लागला. ढगळ अर्धी विजार, तिची लोंबती नाडी आणि आईच्या धाकांतला भाबडा नाम्या महाराष्ट्राच्या घरोघरीं जाऊन पोंचला. ‘पांडू हवालदार’ (१९७५) पासून दिग्दर्शनाची सूत्रेंही त्यांनीं हातीं घेतलीं. पुढें गीतेंही लिहिलीं. त्यांच्या नऊ चित्रपटांनीं रौप्यमहोत्सव साजरे केले आणि त्याची नोंद गिनीज बुकांत झाली.

एवढें यश मिळूनही सुशिक्षित घरांत त्यांचें नांव दबक्या आवाजांत घेतलें जाई. कारण अर्थातच द्वयर्थी संवाद. हा आक्षेप सर्वस्वीं खोटा नाहीं. पण त्याचा नीट निवाडा झाला पाहिजे. द्वयर्थ हा तमाशांतील बतावणीचा जुनाच अलंकार आहे. मात्र खऱ्या सोंगाड्याचा नेम त्या शब्दावर नसतो, राजावर असतो; लोकांना हंसविणें ही त्यानें पांघरलेली घोंगडी होय. ‘विच्छा’मधील हवालदार वशिलेबाजीवर नेम धरतो. नाम्या आणि पांडू हे उतरंडीच्या अगदीं तळचे जीव. त्यांच्या फजितींत गरिबाची व्यथा दडलेली आहे. पुढें १९८० नंतरच्या कित्येक चित्रपटांत, विशेषतः हिंदींत, राजा दिसेनासा झाला आणि द्वयर्थ तेवढा शिल्लक उरला. दादांच्या कलेची उतरण झाली ती येथें. अश्लीलतेपेक्षांही निशाण हरवणें, हा सोंगाड्याचा मोठा दोष होय.

तरी उतरणीवरून शिखराची उंची मापूं नये. १४ मार्च १९९८ रोजीं दादा निवर्तले. फडांतील सोंगाड्याचे शब्द पहांटेच्या वाऱ्याबरोबर विरून जातात. किती सोंगाड्यांनीं किती गांवें हंसविलीं, याची कोठेंही नोंद नाहीं. त्या अनाम मंडळींपैकीं एकाची बोली, चाल आणि बेरकी भोळेपणा चित्रफितीवर टिकून राहिला, हें दादांचें ऋण आहे. त्यांचे पहिले चित्रपट पहातांना जो हंसेल, त्यानें क्षणभर त्या राहुट्यांकडेही नजर टाकावी. कारण त्या हंसण्याचें मूळ तेथें आहे.