बसलेल्या आवाजाला तीन आठवड्यांची मुदत

देऊळघाटहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. आजचा विषय आहे आपला गळा.

पैनगंगेकाठच्या आपल्या गावात बाईचा आवाज पहाटेपासून कामाला लागतो. या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर हाक मारायची, थ्रेशर चालू असताना ओरडून सांगायचं, अंगणवाडीत पोरं सांभाळायची, सांजेला हरिपाठ, कार्तिकात काकडा. आता ग्रामसभेतही बोलायचं असतं. एवढ्यात आवाज बसला, की आपण म्हणतो, "होईल आपोआप बरा." बहुतेक वेळा होतोही. पण कधी थांबायचं आणि कधी नाही, हे ठाऊक हवं.

गळ्यातल्या स्वरयंत्रात दोन नाजूक स्वरतंतू असतात. बोलताना ते एकमेकांवर आपटतात. बाईच्या आवाजात हे सेकंदाला साधारण 200 वेळा होतं, पुरुषाच्या आवाजात सव्वाशेच्या आसपास. ओरडलं की ते जोरानं आपटतात आणि सुजतात. रोज तसंच होत राहिलं, तर खुरपं धरून हाताला घट्टे पडतात तशा त्यांच्यावर बारीक गाठी येतात. या गाठी कॅन्सरच्या नसतात. आवाजाला आराम दिला आणि बोलायची योग्य पद्धत शिकली, तर बऱ्याचदा त्या कमी होतात. किशोरी आमोणकरांसारख्या थोर गायिकेचाही आवाज तरुणपणी गेला होता. त्यांनी उपचार घेतले, धीर धरला आणि पुढे कित्येक वर्षं त्या गायल्या.

मग काय करायचं? वावरात जाताना पाण्याची बाटली न्यायची आणि घोट घोट पीत राहायचं. लांबच्या माणसाला हाक मारण्यापेक्षा फोन करायचा, नाहीतर शिट्टी वाजवायची. सोयाबीन काढताना कुटाराची धूळ उडते, तेव्हा नाकातोंडाला रुमाल बांधायचा. चुलीचा धूर कोंडू द्यायचा नाही. भजनात पट्टी पुरुषांच्या सोयीची असते आणि आपण ताणून गातो. पेटीवाल्या भाऊंना स्पष्ट सांगायचं, आमच्या गळ्याला जमेल ती पट्टी धरा. रात्री ठेचा-भाकर खाऊन लगेच आडवं व्हायचं नाही. पोटातलं आंबट वर आलं, की स्वरतंतूंची आग होते. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवायचं.

आवाज बसलाच, तर दोन-चार दिवस कमी बोलायचं. सारखं खाकरायचं नाही. जोर लावून कुजबुजायचंही नाही, त्यानंही ताण पडतो. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी घशाला आराम पडतो. पण ते पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही, म्हणून नुसत्या गुळण्यांवर महिने काढायचे नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आवाज तीन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचंच. गावातल्या आशाताईंना विचारा, बुलडाण्याच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. डॉक्टर छोट्या आरशानं किंवा बारीक दुर्बिणीनं स्वरतंतू बघतात. त्यासाठी चिरफाड करावी लागत नाही. स्वरयंत्राचा कॅन्सर बऱ्याचदा आधी आवाजातूनच कळतो आणि लवकर सापडला तर बरा होऊ शकतो. घरात कोणी बिडी ओढत असेल, तंबाखू खात असेल, तर त्याच्या आवाजाकडेही लक्ष ठेवा. आपणही मिश्री सोडलेली बरी. गिळायला त्रास, थुंकीतून रक्त, मानेला गाठ, यातलं काही दिसलं तर तीन आठवडे थांबायचं नाही. श्वास अडकायला लागला, तर त्याच घडीला दवाखाना गाठायचा.

बाईचं दुखणं घरात शेवटी ऐकलं जातं. आवाजच बसलेला असला, तर तेवढंही ऐकू जात नाही. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ता गोळा करताना एकमेकींचा आवाज ऐका. कुणाचा बरेच दिवस बसलेला वाटला, तर तिला नुसतं "दाखव" म्हणू नका. दोघी मिळून बुलडाण्याला जा.