अंगठा कोणाचा, पिशवी कोणाची
(ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबांच्या मेळाव्यात केलेलं भाषण, जि. बीड)



दरवेळी आम्ही पट्ट्यावर बोलतो. गायरान, वनदावे, मोजणी. आज बायांच्या पिशवीवर बोलणार आहोत. काही म्हातारी माणसं मान खाली घालतील. घालू द्या, पण ऐका.

डोंगराकडून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो. आमच्या बीडमध्ये नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीच्या सुमाराला उचल घ्यायची, कोपी बांधायची आणि उन्हाळा लागेपर्यंत तोडायचं. एक दिवस खाडा झाला की मुकादम दंड कापतो. पाळी आली तरी खाडा, ताप आला तरी खाडा. फडात आडोसा नाही, धुवायला पाणी नाही. मग अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. हे बहुतेक वेळा औषधाने बरं होणारं दुखणं आहे.

आमच्या वस्तीवरची एक मावशी असंच पोट दुखतं म्हणून खाजगी दवाखान्यात गेली. सोनोग्राफी झाली. "पिशवी खराब आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल," एवढंच सांगितलं. कागदावर अंगठा मामाचा घेतला. पैसे मुकादमाने दिले आणि उचलीत चढवले. तेव्हा मावशीने तिशीही गाठली नव्हती. आता तिचे सांधे धरतात, अंगातून वाफा निघतात, मोळी डोक्यावर घेताना डोळ्यापुढे अंधारी येते. आणि कोयता सुटला नाहीच, उलट फेड वाढली.

ही एकटी नाही. 2019 साली बोभाटा झाल्यावर सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडच्या 82,309 ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींत एक. त्याआधीच्या सरकारी पाहणीत सगळ्या देशात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. बीडच्या बाईची पिशवीच तेवढी कच्ची असते का?

काही डॉक्टर म्हणतात, बायाच येऊन सांगतात, साहेब, काढून टाका. हे खोटं नाही. आमच्यातल्या काही बाया म्हणतात, कटकट गेली, बरं झालं. त्यांना आम्ही नावं ठेवत नाही. पण एका बाजूला खाड्याचा दंड आणि दुसऱ्या बाजूला सुरी, यातून निवडायला लावलं तर त्याला मर्जी म्हणायचं का? पिशवी काढल्यावर पाळी कायमची जाते, मूल होत नाही. सोबत अंडाशय काढलं तर हाडं लवकर ठिसूळ होतात. हे आधी कोणी सांगितलं होतं?

सावकाराने कोऱ्या कागदावर अंगठे घेतले, जमिनी गेल्या. ते आपल्याला पाठ आहे. दवाखान्यातला अंगठाही तसाच बघा. दिल्लीच्या एका खटल्यात बाईला दुर्बिणीने तपासायला भूल दिली आणि ती बेशुद्ध असताना आईला विचारून पिशवी काढली. सुप्रीम कोर्टाने 16 जानेवारी 2008 ला सांगितलं की तपासणीचा होकार हा ऑपरेशनचा होकार नाही. बाई सज्ञान असेल आणि जीव तातडीने धोक्यात नसेल, तर तिच्या जागी आईचीही संमती चालत नाही. मग नवऱ्याची कशी चालेल? आणि मुकादमाची?

आपल्या मुलींच्या बाबतीतही असं झालंय. 2009 मध्ये आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरच्या लशीचा प्रकल्प चालला. वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या फॉर्मवर आईबापांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. 2013 मध्ये संसदेच्या समितीने त्यावर ठपका ठेवला. लस वाईट, असं आम्ही म्हणत नाही. लशी घ्या, पोरांना द्या. विचारल्याशिवाय सुई नको, एवढंच म्हणणं.

पुरुषांनो, आता तुमच्याकडे वळतो. वनहक्काचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर होतो, ते आपण भांडून करून घेतो. दवाखान्यात मात्र बायको बाहेर बाकड्यावर आणि डॉक्टरशी बोलणार तुम्ही! तसं नको. ती आत जाईल, ती विचारेल: गोळ्यांनी बरं होईल का, नाही काढली तर काय, काढल्यावर काय. रिपोर्टचे कागद मागून घ्यायचे. सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं. तिथे हेलपाटे पडतात, माहीत आहे.

आणि दसऱ्याआधी, उचल घ्यायच्या आत, सगळ्या वस्त्यांनी मिळून मुकादमांना बोलवायचं आहे. पाळीच्या आणि आजारपणाच्या दिवसाला दंड नाही, कोपीजवळ पाणी आणि संडास, हे आधी कबूल करून घ्यायचं. बोलायला दोन बाया पाहिजेत. नावं आजच द्या.

जिंदाबाद.