पिशवीचा कायदा आणि परभणीचा कापूस



बाजाराच्या पिशवीसारख्या क्षुल्लक वस्तूवर व्याख्यान कशाला, असे कुणाला वाटले तर ते गैर नाही. परंतु राज्ययंत्रणा कुणाच्या बाजूने चालते, हे मोठ्या योजनांपेक्षा अशा किरकोळ वस्तूंत पुष्कळदा अधिक स्पष्ट दिसते.

परभणी, सेलू, मानवत, गंगाखेड येथील दुकानांत नि आठवडी बाजारांत हिरव्या-पिवळ्या रंगांची एक मऊ पिशवी मिळते. व्यापारी तिला ‘नॉनवोव्हन’ म्हणतात आणि गिऱ्हाईक तिलाच ‘कापडी पिशवी’ समजते. वस्तुतः ती कापडी नाही. पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचे तंतू उष्णतेने एकमेकांस चिकटवून तिचा पन्हा तयार होतो. तिच्यात उभे-आडवे धागे नाहीत, विणकामच नाही. सुती चिंधी पेटवली तर ती कागदासारखी जळून राख होते; ही पिशवी वितळते आणि तिचा कडक मणी बनतो. ज्या परभणीत मेहबूब बागेतील संशोधन केंद्रात देशी कापसाच्या वाणांवर काम झाले, तेथे कापूस आणि प्लॅस्टिक यांतील फरक काडीपेटीने ओळखावा लागावा, ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

अशी पिशवी परदेशातून आणावयाची तर कायदा काय म्हणतो? कागदावर तो भरभक्कम आहे. आयातदाराने आयात-निर्यात संकेतांक घ्यावा. माल सुती, तागाचा की प्लॅस्टिकचा हे सीमाशुल्काच्या नेमक्या शीर्षाखाली जाहीर करावे, कारण शुल्क नि अटी त्यावरच ठरतात. कापडाच्या मालात घातक अझो रंग नाहीत असे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र माल चढवण्यापूर्वीच घ्यावे. नसल्यास बंदरात नमुने काढले जातात. शेजारच्या देशातून सवलतीच्या शुल्काने माल आणावयाचा असल्यास तो तेथेच तयार झाल्याचा तपशील आयातदाराने स्वतःजवळ ठेवावा, असा नियम २०२० पासून आहे. माल प्लॅस्टिकचा असेल तर २०१६ चे प्लॅस्टिक कचरा नियम लागू होतात. साध्या प्लॅस्टिक पिशवीची जाडी ३१ डिसेंबर २०२२ पासून किमान १२० मायक्रॉन हवी. नॉनवोव्हनचे वजन ३० सप्टेंबर २०२१ पासून चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम हवे. शिवाय फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या उत्पादक-जबाबदारीच्या व्यवस्थेनुसार आयातदाराने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करून आणलेल्या प्लॅस्टिकच्या विल्हेवाटीचा हिशेब द्यावयाचा असतो.

म्हणजे कायदा नाही असे नाही. तथापि या सगळ्या अटी कागदपत्रांच्या आहेत आणि कागदपत्रे सांभाळणे हा मोठ्या आयातदाराचा रोजचा व्यवसाय आहे. त्यासाठी त्याच्याजवळ दलाल आहेत, सल्लागार आहेत. माल न्हावाशेवाहून सुटला, घाऊक पेठेत गेला, गठ्ठे फुटले, की पिशवी अनाथ होते. तिच्यावर निर्मात्याचे नाव, नोंदणी क्रमांक आणि जाडी छापलेली असावी असे नियम सांगतो. परभणीच्या बाजारात हाती येणाऱ्या कित्येक पिशव्या कोऱ्या असतात. ती व्हिएतनामची, चीनची की सुरतेची, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आणि नेमक्या याच टोकाला कायद्याचा हात पडतो. महाराष्ट्र शासनाने २००६ च्या अविघटनशील कचरा कायद्याखाली २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकबंदी जारी केली. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,०००, तिसऱ्यास २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. बंदीत नॉनवोव्हनही होती. २०२२ च्या अखेरीस ६० ग्रॅमच्या वरची नॉनवोव्हन मोकळी झाली. आता पाथरीच्या रस्त्यावर भाजी घेऊन बसलेल्या बाईने पिशवी ५५ ग्रॅमची की ६५ ग्रॅमची हे कशाने मोजावे? तिच्यापाशी तराजू आहे तो कांद्याचा. मोजण्याची साधने बंदरात आणि प्रयोगशाळेत आहेत. दंडाची पावती मात्र तिच्या हातगाड्यापाशी फाडली जाते. ५,००० रुपये म्हणजे तिची कित्येक दिवसांची कमाई. आयातदाराच्या लेखी ती रक्कम एका पेटाऱ्याच्या भाड्याइतकीही नाही.

सरकारला मनात आणले तर काय करता येते, हे तागाच्या बाबतीत दिसते. १९८७ च्या कायद्याने धान्य नि साखर तागाच्या पोत्यांत भरणे सक्तीचे केले आणि त्या उद्योगाला हमखास गिऱ्हाईक मिळाले. बांगलादेश व नेपाळच्या तागाच्या मालावर जानेवारी २०१७ मध्ये प्रतिपाटण शुल्क बसले आणि २०२२ अखेर ते आणखी पाच वर्षांसाठी वाढवले गेले. २०२५ च्या जून आणि ऑगस्टमध्ये बांगलादेशी तागाच्या मालाला जमिनीवरील सीमानाकी बंद करून केवळ न्हावाशेवा बंदर खुले ठेवण्यात आले. ऑगस्टच्या आदेशात पोती आणि पिशव्याही होत्या. बांगलादेशी ताग कामगार आपला शत्रू नव्हे, आणि समाजवाद्यांनी अशा आदेशांवर टाळ्या वाजवण्याचे कारण नाही. शिवाय एवढे संरक्षण असूनही २०२४-२५ च्या हंगामात मराठवाड्यातील सोयाबीन खरेदी बारदानाअभावी खोळंबली, हे येथील शेतकरी विसरलेला नाही. मुद्दा इतकाच की, संघटित मालकवर्गाने मागणी केली की नियम एका आदेशाने बदलतात.

कापसाच्या वाट्याला मात्र उलटे आले. १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरील ११ टक्के आयात शुल्क उठवले गेले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे परभणीच्या शेतात वेचणी चालू असतानाच दार उघडे राहिले. हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये जाहीर झाला होता. पण खुल्या बाजारातील व्यापारी हमीभावाला बांधील नसतो. सुती पिशवीवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत १२ टक्के होता, त्यानंतर तो ५ झाला. प्लॅस्टिकबंदीनंतर साडेसात वर्षांनी!

सुती पिशवीची बाजू मांडताना एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ च्या अभ्यासात असे निघाले की, साधी सुती पिशवी हवामानाच्या निकषावर प्लॅस्टिकची बरोबरी करण्यास ५२ वेळा आणि सर्व निकषांवर सुमारे ७,१०० वेळा वापरावी लागेल. हा आकडा प्लॅस्टिकचे कारखानदार आवडीने सांगतात. परंतु परभणीचा बहुतेक कापूस कोरडवाहू आहे, आणि जुन्या लुगड्याच्या किंवा धोतराच्या पिशवीसाठी कापूस नव्याने पिकवावा लागतच नाही. मराठवाड्याच्या घरांत ती थैली दोरा तुटेपर्यंत वापरली जाते.

कार्यकर्त्यांनी महानगरपालिकेकडे व नगरपालिकांकडे माहितीच्या अधिकारात विचारावे: २०१८ पासून दंड झालेल्यांत फेरीवाले किती, घाऊक व्यापारी किती, आणि जप्त पिशवीचा पुरवठादार किती वेळा शोधला गेला? दुसरी मागणी खरेदीची. धान्य-साखरेच्या पोत्यांसाठी सक्ती करता येते, तर बाजार समित्या, रेशन दुकाने आणि सरकारी कार्यालये यांनी लागणाऱ्या पिशव्या जिल्ह्यातील महिला बचत गटांकडून सुती कापडाच्या घ्याव्यात, असा ठराव जिल्हा परिषदेला करता येईल. शिलाईचा दर मात्र ठरावातच लिहून घ्यावा; नाहीतर मधला कंत्राटदार उभा राहील आणि शिवणाऱ्या बाईच्या हाती नगाला पुन्हा चिल्लरच पडेल.